ज्याची जागा गेली, त्याची आई

आधी लूपेताईचं नाव घेते, मग बाकीचं सांगते. ग्वादालुपे तिचं पूर्ण नाव. मैदानावर सगळे लूपे म्हणायचे, मी ताई जोडलं आणि ते तिला आवडलं. ती मूळची मेक्सिकोची. तिचा मातेओ आणि माझा केदार अमेरिकेत बॉथेल गावी एकाच शाळेच्या टीममधून बेसबॉल खेळायचे. केदारचं पुढं जे झालं त्यात कोचचा हात आहे, त्याच्या बाबांचा आहे, पोराच्या मेहनतीचा तर आहेच. पण लूपेताई त्या दुपारी बाकावरून उठली नसती, तर आज मला लिहायला काही उरलं नसतं.

लिहायची मला सवय नाही. माझी शाळा नववीत सुटली. का सुटली, ते जाऊ दे. कोल्हापूरजवळच्या गावातून निघाले ते लग्न करून, आणि नंतर वन्संनी कागद केले म्हणून नवरा आणि लहानग्या केदारसकट इथं आले. केदारचे बाबा बस चालवतात. मी एका शाळेच्या किचनमध्ये काम करते. इथली आमची मराठी माणसं भेटली की कुणी सॉफ्टवेअरमध्ये असतं, कुणी औषधांच्या कंपनीत. मी हसते आणि भाजीचं बोलते.

परवा कामावरून येताना मुद्दाम अलीकडच्या स्टॉपला उतरले. केदारच्या शाळेचं मैदान बघायचं होतं. कुणीतरी सांगितलं होतं की तिथली माती काढतायत. गेले तर खरंच, नारिंगी जाळी लावलेली आणि आत एक पिवळं यंत्र माती उकरत होतं. आता तिथं प्लॅस्टिकचं गवत येणार. चांगलंच आहे म्हणा. इथं पाऊस म्हणजे पाहुणा नव्हे, घरचाच माणूस. मातीवर पाणी साचलं की खेळ बंद. आताच्या पोरांना तसं घरी बसावं लागणार नाही.

पण मी जाळीला धरून उभी राहिले. तांबड्या मातीचा ढीग ओला होता. त्याचा वास भिजलेल्या विटेसारखा, थोडा गंजलेल्या कडीसारखा. तो नाकात गेला आणि मला सगळं ऐकू यायला लागलं. ॲल्युमिनियमच्या बॅटचा टणत्कार. ग्लव्हमध्ये बॉल शिरताना होणारा धप्प आवाज. तारेच्या जाळीला टेकून पोरांनी एकमेकांना दिलेल्या हाका. आणि माझ्या शेजारी लूपेताईचं तोंड, जे कधीच बंद नसायचं.

केदारचा हात आधी बिनग्लव्हचा. इथं आलो तेव्हा अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये त्याचे बाबा भिंतीवर टेनिसबॉल मारायचे आणि हा उघड्या हातांनी धरायचा. बाबांच्या डोक्यात क्रिकेट. शेजारच्या अमेरिकन आजोबांनी एकदा गॅलरीतून ते पाहिलं आणि आपल्या नातवाचा जुना ग्लव्ह खाली आणून दिला. चामडं कडक, पापडासारखं. नवी चप्पल चावू नये म्हणून आपण तिला तेल लावून ठेवतो, तेवढंच मला ठाऊक. मी खोबरेल चोपडलं, आत बॉल कोंबला, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलं. सकाळी बघते तर थंडीनं तेल गोठलेलं, ग्लव्हच्या सुरकुत्यांत पांढरी साय धरल्यासारखं. केदार रडायचाच बाकी होता. ग्लव्ह हीटरपाशी ठेवला, तेल जिरलं आणि चामडं असं मऊ पडलं की बाबा स्वतःच हात घालून बसले. पुढं कित्येक महिने त्या ग्लव्हला खोबरेलाचा वास यायचा. टीममधली पोरं हुंगून विचारायची, ‘केक आणलायस का?’

मैदानावरचा वसंत म्हणजे बाहेरून गुलाबी आणि आतून गारठा. पार्किंगच्या कडेची चेरीची झाडं फुललेली आणि आम्ही आया ब्लँकेटांत. लूपेताईचं ब्लँकेट मोठं, वाघाचं चित्र असलेलं. ती डब्यात तमाले आणायची, मक्याच्या पानात उकडलेल्या पिठाच्या वळकट्या. पान सोडलं की वाफ यायची आणि अळूवडीच्या पातेल्यापाशी बसल्यासारखं वाटायचं. मी पोळीत शेंगदाण्याची चटणी गुंडाळून न्यायचे. पहिल्यांदा तिनं खाल्ली, डोळ्यांतून पाणी आलं, नाक पुसलं आणि म्हणाली, ‘उद्या जास्त आण.’

आमची दोघींची इंग्रजी मोडकी, पण ती वेगवेगळ्या जागी मोडलेली, त्यामुळं दोघींची मिळून एक पुरी व्हायची. ती मला ‘कोमाद्रे’ म्हणायची. त्यांच्यात दोन पोरांच्या आया एकमेकींना तसं म्हणतात, मैत्रिणीपेक्षा जवळचं, बहिणीपेक्षा जरा लांबचं. खेळ मला तिनंच शिकवला. पिचर म्हणजे बॉल टाकणारा, बेस म्हणजे धावत गाठायचे कोपरे, आणि शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला मुलगा. बॅटला लागून जमिनीवरून सरपटत येणारे बॉल जास्त करून त्याच्याकडंच येतात.

‘टीमचा पाठीचा कणा,’ ती म्हणायची. ‘पिचर चुकला तर सगळे म्हणतात, आज त्याचा दिवस नाही. शॉर्टस्टॉप चुकला तर म्हणतात, ह्याची आई कुठं बसलीय?’

ती जागा आधी मातेओची होती. लहान असल्यापासूनची. मातेओचे हात देखणे, बॉल उचलायचा तर अंड्यासारखा अलगद. पण मुलं वाढली तशी एक गोष्ट दिसायला लागली. तिसऱ्या बेसकडं धावत जाऊन उचललेला बॉल तिथून थेट पहिल्या बेसपर्यंत फेकायचा म्हणजे हातात बंदूक लागते. मातेओचा बॉल शेवटी दमायचा. केदारचा शेवटी वेग धरायचा. एका संध्याकाळी कोचनं दोघांना बोलावलं. केदार शॉर्टस्टॉप झाला आणि मातेओ शेजारच्या दुसऱ्या बेसवर गेला.

दुसऱ्या दिवशी मी मैदानावर पोचले. तिच्याशेजारी कशी बसू? लांबच्या बाकाच्या टोकाला टेकले. तिनं मान वळवली, ब्लँकेटचा एक कोपरा उचलून धरला आणि ओरडली, ‘कोमाद्रे, वाघ एकटा आहे. ये.’

मग त्या शेवटच्या वर्षी स्काउट यायला लागले. मोठ्या व्यावसायिक संघांची ही माणसं गावोगाव फिरून शाळकरी खेळाडू हेरतात. उन्हाळ्यात ड्राफ्ट होतो, त्यात संघ आपापली पोरं निवडतात. त्याआधी पोराची पारख करायची, हे ह्यांचं काम. होम प्लेटच्या, म्हणजे बॅट मारणाऱ्याच्या जागेच्या मागं, जाळीपलीकडं, टोप्या घातलेले, हातात स्टॉपवॉच. मला वाटायचं खेळ बघायला आलेत तर खेळ बघतील. पण ते खेळाच्या आधीच येऊन उभे राहायचे. पोरं नुसतं अंग मोकळं करतायत, कोच बॉल मारतोय, हे उचलून फेकतायत, ते बघायचे. लूपेताई कानाशी सांगत राहायची.

‘हात नाही बघत, पाय बघतायत. बॉल बॅटला लागायच्या आधी पाऊल हलतं का ते.’

‘आता मुद्दाम बघ, चुकला तो, आता सगळे बघणार. चुकल्यावर मान खाली घालतो का, ग्लव्हकडं बघतो का, की सरळ पुढच्या बॉलला तयार होतो.’

त्यातला एक उंच, पांढऱ्या भुवयांचा. वॉल्टर त्याचं नाव. पूर्वेकडच्या एका संघासाठी हिंडायचा. तो एकदा फाटकापाशी मला आणि केदारच्या बाबांना आपादमस्तक न्याहाळत उभा राहिला. मी ओढणी सावरली. मुलगी बघायला आलेल्या सासऱ्यासारखी नजर! बाबा पुटपुटले, ‘कोण हा?’

लूपेताई हसून लोळायची बाकी. ‘तुम्हाला बघतोय कारण पोरगा अजून किती वाढणार ते बघतोय. बापाची उंची, आईचे खांदे. सरळ उभी राहा, कोमाद्रे! पोट आत घे!’

मी खरंच पोट आत घेतलं.

त्याच महिन्यात वॉल्टरचा फोन आला, घरी येऊन भेटू का म्हणून. आमच्या घरी! मी शंकरपाळे केले, चहात आलं घातलं, सोफ्यावरचं कव्हर बदललं. तो दारात आला, बाहेरच्या चपला बघितल्या आणि न सांगता बूट काढले. मोज्याला अंगठ्यापाशी भोक. तिथंच मला माणूस आवडला. शंकरपाळ्यांची ताटली त्यानं मांडीवरच घेतली. बसचं विचारलं, गावाचं विचारलं. मग केदारच्या बाबांकडं वळून म्हणाला, ‘खेळ मी पाहिलाय. मला माणूस सांगा. तुमचा मुलगा कसा आहे?’

केदारचे बाबा ताठ बसले. हात जोडल्यासारखे केले. आणि त्यांच्या इंग्रजीत, अगदी मनापासून बोलले.

‘काही विशेष नाही, सर. अजून काही येत नाही त्याला. आळशी आहे. सकाळी उठवावं लागतं. ऐकत नाही कुणाचं. देवाच्या कृपेनं चाललंय. तुम्ही मोठी माणसं, तुम्हीच त्याला सुधारा. वेळ पडली तर कान पिळा.’

मला इतकं बरं वाटलं! किती छान बोलले, वाटलं. मास्तर घरी आले की माझे वडील हेच म्हणायचे, आजोबाही हेच म्हणत असतील. आपलं पोर पुढं करून, मान खाली घालून, दुसऱ्याच्या हातात द्यायचं. त्यात सगळं आलं, माया, विश्वास, अभिमान. मास्तरांना ते कळायचं. ते हसून म्हणायचे, ‘अहो, हुशार आहे पोरगं.’

वॉल्टर हसला नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं. ‘आणि आईचं काय मत?’

मी हसून म्हटलं, ‘सेम, सेम.’

त्यानं ताटली टेबलावर ठेवली. शंकरपाळा उरलेला होता, तरी ठेवली. आणखी थोडं बोलला, केदारशी हात मिळवला, बूट घातले, आभार मानले आणि गेला. दार लागलं तसा केदार वळला. त्याचे कान लाल झाले होते.

‘बाबा, व्हाय वुड यू से दॅट?’

‘काय म्हणालो मी?’

‘आळशी! बाबा, आय गेट अप बिफोर यू!’

‘अरे, पाहुण्यासमोर आपणच आपलं कौतुक करायचं का? त्यांना कळतं सगळं.’

‘नाही कळत, बाबा. ही वॉज आस्किंग फॉर रिअल. ते लिहून घेतात. प्रत्येक पोराबद्दल. आता त्यात असणार, त्याचे वडीलच म्हणतात की लेझी आहे, कुणाचं ऐकत नाही. आणि आई म्हणते, सेम सेम!’

मग बाबा हळूच म्हणाले, ‘मी फोन करून सांगू का, की ते खरं नव्हतं?’

‘म्हणजे आळशी मुलगा आणि खोटं बोलणारे वडील,’ केदार म्हणाला आणि आत गेला.

पुढचे दिवस कसे काढले ते सांगता येत नाही. मी किचनमध्ये ट्रे लावायचे आणि मनात इंग्रजी वाक्यं जुळवायचे. ‘सर, आमच्यात असं असतं.’ पुढचं वाक्य जमायचं नाही. केदारचे बाबा जेवलं की लगेच सिंकपाशी जायचे. केदार रोज सकाळी आमच्या आधी उठून पळायला जायचा, तसा आधीही जायचाच, पण आता जाताना दार जरा जोरात लावायचा. वॉल्टर पुढच्या सामन्याला आला नाही. त्यानंतरच्यालाही नाही. बाकीचे स्काउट यायचे, दुसऱ्या कुणासाठी तरी. केदारवर मन लावलेला तो एकच होता, हे आता सगळ्यांना माहीत होतं.

वन्संचा फोन आला. ‘बॉल मारून पोट भरतं का गं? इंजिनीअरिंगचं बघा म्हणावं.’ नेहमी मी ‘हो वन्सं’ म्हणते. त्या दिवशी ‘पोळी तव्यावर आहे’ म्हणून फोन ठेवला.

शेवटी लूपेताईला सांगितलं. हलका पाऊस भुरभुरत होता, पोरं मैदानावरचं पाणी झाडूनं बाहेर ढकलत होती. मी वाक्याला वाक्य जोडून सगळं सांगितलं, मोज्याच्या भोकापासून. ‘कान पिळा’ ऐकून ती इतकी हसली की तमाले खाली पडलं. मग माझं तोंड बघून थांबली.

‘तुम्ही दोघं वेडे आहात का? तो लिहून घेतो, कोमाद्रे!’

‘आम्हाला काय माहीत? स्वतःच्या पोराला चांगलं म्हटलं की दृष्ट लागते.’

तिनं ब्लँकेट सावरलं. मग म्हणाली, ‘माझ्या आजीच्या गावी कुणी बाळाचं फार कौतुक केलं, की आजी त्याला सोडायचीच नाही. म्हणायची, आता बाळाला हात लाव. हात लावल्याशिवाय जायचं नाही. नाहीतर बाळ आजारी पडतं. आणि मनगटाला लाल दोरा.’ तिनं माझं मनगट धरलं. ‘मला कळतं. पण वॉल्टरला लाल दोरा कळत नाही.’

नंतरच्या एका सामन्याला वॉल्टर दिसला. आमच्यासाठी नव्हता आला. समोरच्या टीमचा पिचर बघायला आला होता. जाळीमागं पाठमोरा उभा होता. लूपेताईनं वाघाचं ब्लँकेट माझ्या मांडीवर टाकलं आणि उठली.

‘लूपेताई, नको. प्लीज.’

‘तू बस.’

मी बसले नाही. मागोमाग गेले आणि ऐकू येईल इतक्यावर, जाळीला धरून उभी राहिले. त्या दिवशी तिचं इंग्रजी कुठंच मोडलेलं नव्हतं.

‘वॉल्टर. तो शॉर्टस्टॉप. त्याच्या बापानं तुला काय सांगितलं ते मला माहीत आहे.’

‘मॅम, लोकांच्या घरात झालेलं बोलणं मी बाहेर काढत नाही.’

‘नको काढू. नुसतं ऐक. त्यांच्यात पाहुण्यासमोर स्वतःच्या पोराला चांगलं म्हणत नाहीत. पोराला नजर लागते. बाप जितकं वाईट बोलला ना, तितकं त्याचं प्रेम आहे असं समज. त्यांना विचारून उपयोग नाही. मला विचार.’

‘तुम्ही त्याच्या कोण?’

‘कुणी नाही. त्या जागेवर आधी माझा मुलगा खेळायचा. ज्याची जागा गेली, त्याची आई मी. मला खोटं बोलून काय मिळणार आहे?’

वॉल्टरनं टोपी जरा वर केली. पहिल्यांदाच तिच्याकडं नीट बघितलं.

ती सांगत गेली. जागा बदलली त्याच्या दुसऱ्याच दिवशी केदार तिच्या घरी गेला होता. मला हे माहीत नव्हतं. दारात उभा राहून मातेओला म्हणाला, दुसऱ्या बेसवर बॉल घेऊन वळायचं कसं ते मलाही येत नाही, आपण मिळून शिकू. तेव्हापासून मैदान पावसानं बंद असलं की दोघं तिच्या गॅरेजच्या भिंतीवर बॉल मारतात आणि परतीचा टप्पा धरतात.

‘भिंतीचा रंग गेलाय. सगळीकडं टिकल्या टिकल्या. माझा नवरा ओरडतो. ये, भिंत बघ. आळशी पोराची भिंत अशी नसते. आमच्या घरात आळशी असेल तर मी, अजून रंगवली नाही म्हणून.’

वॉल्टर हसला. मग विचारलं, ‘आणि तुमचा मुलगा?’

मला तिची फक्त पाठ दिसत होती.

‘माझा मुलगा फार चांगला आहे,’ ती म्हणाली. ‘पण तिथून त्याचा बॉल पोचत नाही. मला माहीत आहे. तुलाही माहीत आहे.’

ती परत आली, ब्लँकेट ओढून घेतलं, डबा उघडला. ‘खा. गार होतंय.’ तिनं माझ्याकडं बघितलंच नाही, मैदानाकडं बघत राहिली.

थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं. वॉल्टर पिचरच्या मागची जागा सोडून तिसऱ्या बेसच्या बाजूच्या जाळीपाशी येऊन उभा राहिला होता. शॉर्टस्टॉपचे पाय तिथून दिसतात.

आता हे मैदान उकरलंय, पण ती जागा मी डोळे मिटून दाखवीन. ओली माती, त्यात एक खडा. बॉल सरपटत आला आणि ऐन वेळी खड्यावर उडाला, थेट केदारच्या गळ्याखाली. त्याचा आवाज बाकापर्यंत आला. मी ‘आई गं’ म्हटलं. बॉल छातीवरून समोर पडला. केदारनं ग्लव्ह वापरलाच नाही. उजव्या, उघड्या हातानं उचलला, तसाच बाजूला ढकलला, जिथं मातेओ आधीच पोचलेला होता. मातेओ बेसवर पाय टेकवून हवेतच वळला आणि पहिल्या बेसकडं फेकला. समोरच्या टीमचे दोघं एकदम बाद! आमच्या पोरांनी एकमेकांकडं बघितलंसुद्धा नाही, इतकं ते भिंतीवर घासून पक्कं झालेलं. मग केदार परत आपल्या जागी आला, गळा चोळला आणि बुटानं तो खड्याचा खड्डा हळूहळू सपाट केला. लूपेताई उभी राहून दोन्ही पोरांची नावं घेऊन ओरडत होती. आधी केदारचं, मग मातेओचं.

पुढच्या आठवड्यात तिनं सांगितलं, ‘वॉल्टर आला होता. गॅरेजपाशी जाऊन भिंतीला हात लावून उभा राहिला. नवऱ्याला वाटलं मी रंगारी बोलावला.’

उन्हाळ्यात ड्राफ्ट झाला. आमच्या बैठकीत लॅपटॉप लावलेला, खिडक्या उघड्या, बाहेर कुणीतरी लॉन कापत होतं आणि कापलेल्या गवताचा हिरवा वास आत येत होता. लूपेताई आणि मातेओ सकाळपासून आले होते. नावांमागून नावं. मी स्वयंपाकघरात जायचे, काही न करता परत यायचे. केदारच्या हातात फोन होता, तो वाजला आणि तो गॅलरीत गेला. आम्ही काचेतून त्याची पाठ बघत राहिलो. मग लॅपटॉपमधल्या माणसानं एक नाव घेतलं. आमच्या आडनावाची त्यानं पार चाळण केली, पण पुढं ‘शॉर्टस्टॉप’ म्हणाला, ‘वॉशिंग्टन’ म्हणाला, वॉल्टरचाच संघ, आणि पहिली आरोळी मातेओची उठली. तो धावत गॅलरीत गेला आणि केदारला उचलून घेतलं. लूपेताई रडत होती, मी रडत होते, आणि केदारचे बाबा सिंकपाशी उभे राहून धुतलेला कप पुन्हा धूत होते.

केदार आत आला. ‘बाबा?’

‘बरं झालं,’ बाबा म्हणाले.

‘बस? इतकंच?’

‘पाहुणे आहेत ना घरात,’ बाबा म्हणाले, आणि मग त्यांचा आवाज फुटला.

संध्याकाळी वन्संचा फोन आला. ‘आमचा केदार’ असं म्हणून त्यांनी सगळ्या मराठी मंडळाला कळवूनही टाकलं होतं. कुणी काका, कुणी मावशी, नागपूरचे, पुण्याचे, कधी माझ्याशी न बोललेले, फोन करून विचारत होते, ‘अहो, तुम्ही नेमकं काय केलंत?’ मी म्हणायचे, ‘काही नाही हो, देवाची कृपा.’ जीभ वळत नाही त्याला काय करू? पण खरं सांगू, फोन ठेवला की मी आरशासमोर उभी राहायचे. नववीत शाळा सुटलेली बाई. सरळ उभी, पोट आत, खांदे मागं. ह्या खांद्यांकडं बघून कुणीतरी माझ्या पोराची वाढ मोजली होती. इतका गर्व मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

परवा मैदानावर मी जाळीपाशी उभी असताना यंत्र थांबलं होतं. चालवणाऱ्यानं मला हातानं विचारलं, काही हवंय का? मी मान हलवली आणि बसकडं वळले. केदार आता ॲरिझोनात आहे, संघाच्या खालच्या तुकडीत. म्हणतो, इथं जमीन तव्यासारखी तापते आणि बॉल अंगावर येतो. वरपर्यंत पोचेल की नाही, माहीत नाही. ती काळजी आहेच. लूपेताईच्या नवऱ्याला डोंगरापलीकडं याकिमाच्या बाजूला सफरचंदाच्या गोदामात काम मिळालं आणि ते तिकडं गेले. मातेओ तिथल्या दोन वर्षांच्या कॉलेजात आहे. दुसऱ्या बेसवर खेळतो. लूपेताई फोनवर सांगत होती, त्यानं हाताची ताकद वाढवलीय आणि नवा कोच त्याला अधूनमधून शॉर्टस्टॉपला उभा करतो.

‘कुणी बघायला येतं का?’ मी विचारलं.

‘अजून नाही, कोमाद्रे.’

लूपेताई, येईल कुणीतरी. कुठल्या तरी संघाचा, टोपी घातलेला, पोरं अंग मोकळं करत असतानाच येऊन उभा राहील. त्या दिवशी तू मला फोन कर. किचनची सुट्टी मी घेईन, बस पकडेन, डोंगर ओलांडून येईन. मला विचारायची मी वाट बघणार नाही. त्याच्यापुढं जाऊन उभी राहीन आणि मातेओचं जितकं चांगलं मला माहीत आहे, तितकं सगळं, माझ्या मोडक्या इंग्रजीत, मोठ्यानं सांगेन. पोराला दृष्ट लागली तर ती मी मागाहून काढीन. आधी सांगून मात्र घेईन.